घरून काम, पण दिवस संपतच नाही

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी दिसते: गोव्यातल्या डिचोली तालुक्यात सासरी राहून तुम्ही पुण्याच्या कंपनीसाठी काम करता आणि क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा आहे. कागदावर शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा. प्रत्यक्षात लॅपटॉप सकाळी नवाला उघडतो आणि रात्री साडेअकराशिवाय मिटत नाही. यजमान वेर्ण्याच्या कारखान्यात, शिफ्ट बदलती. घरात सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी. सासूबाई म्हणतात, "दिवसभर घरीच तर असतेस." मॅनेजर म्हणतो, "तुला प्रवास नाही, मग जरा जास्त थांबायला काय हरकत?" आणि तुम्ही विचारता, माझ्यात शिस्त कमी पडते आहे, की घरून काम करणं मला जमणारच नाही?

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते. तुमची शिस्त कमी पडत नाही. जी बाई सकाळी नवाला बसून रात्री साडेअकराला उठते, वर पोरीचा डबा आणि सासऱ्यांची औषधं सांभाळते, तिला अजून शिस्त लावा म्हणून सांगणं मला अन्यायाचं वाटतं. कमी आहे ती दुसरीच गोष्ट: तुमचा दिवस कधी संपतो हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. ऑफिसला गेल्यावर दिवस संपवायला बाहेरून मदत होते. कदंबची शेवटची बस असते, शेजारच्या टेबलावरची माणसं डबा-पिशवी आवरू लागतात, कुणीतरी दिवे मालवतं. घरी यातलं काहीच घडत नाही. मग कंपनीला वाटतं तुम्ही कधीही सापडता, घरच्यांना वाटतं तुम्ही कधीही उठू शकता, आणि दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नसतात. त्यांना तुम्ही तशाच दिसता.

मी फोंड्याहून काम करते. सॉफ्टवेअर सपोर्टच्या टीम सांभाळते. माझी माणसं गोव्यात, कोल्हापुरात, बेळगावात विखुरलेली आहेत आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळं जग घरी बसलं त्याच्या आधीपासून आम्ही असंच काम करत आलो आहोत. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे: काम करणारी म्हणून आणि दुसऱ्यांकडून काम करून घेणारी म्हणून. खाली जे सांगते त्यातलं सगळं तुम्हाला लागू होणार नाही. तुम्ही पगारी नोकरीत आहात की कंत्राटावर, कामात रात्रीचा ऑन-कॉल (म्हणजे फोन आला की कामाला बसायची तयारी) धरलेला आहे की नाही, घरात दार लावून बसता येईल अशी खोली आहे का, सासूबाईंची तब्येत नातीला सांभाळण्याजोगी आहे का, यावर बरंच ठरतं. ज्या ठिकाणी उत्तर बदलेल तिथे तसं सांगेन.

तुम्ही दोन घड्याळांवर काम करता

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या मते मूळ तिथेच आहे. पुण्याची टीम साडेनवाला ऑनलाइन येते म्हणून तुम्ही नवाला बसता, आणि क्लायंट संध्याकाळी जागा होतो म्हणून रात्रीपर्यंत थांबता. म्हणजे एक माणूस दोन शिफ्ट करतो आहे. दोन्ही शिफ्ट अर्ध्या-अर्ध्या वाटतात, म्हणून ते लक्षात येत नाही.

सकाळी नवाला बसण्यामागे अजून एक कारण असावं. गोव्यातून काम करणाऱ्या माझ्या जवळजवळ सगळ्या माणसांत ते आढळलं म्हणून विचारते. गोवा म्हटलं की पुण्या-बंगळुरूच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हणजुणे, मोरजीचा किनारा येतो. कुणीतरी हसत म्हणतं, "मजा आहे बुवा तुमची." ते गमतीने म्हणतात, पण आपण मनात धरतो, आणि आपण रिकामे बसलेलो नाही हे दाखवायला चॅटवरचा हिरवा ठिपका सकाळपासून पेटता ठेवतो. डिचोलीच्या घरात कुठला आला समुद्र? हे दाखवणं थांबवायला हवं. कसं, ते पुढे सांगते.

आधी वेळेचा हिशेब. न्यूयॉर्कची वेळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला वाजतात, हिवाळ्यात साडेसातला. तुमची शिफ्ट दहाला संपते, तेव्हा क्लायंटशी प्रत्यक्ष बोलायला तुमच्याकडे साडेतीन तास आहेत, आणि हिवाळ्यात अडीच. माझ्या अनुभवात रोजच्या बैठका, शंका, मंजुऱ्या एवढ्या वेळात व्यवस्थित बसतात, फक्त ते तास त्यासाठी राखून ठेवावे लागतात. त्या तासांत एकट्याने करायचं काम घेऊन बसलं तर रात्री अकरानंतरही क्लायंटचे प्रश्न संपत नाहीत.

उरलेले साडेचार तास कुठे घालायचे? इथे गोव्याचा दिवस तुमच्या बाजूने आहे. आपल्याकडे दीड ते चार गाव शांत असतं. दुकानं बंद, घरची वडीलधारी आडवी झालेली, मासळीवाली येऊन गेलेली, पाहुणा या वेळी दारात येत नाही. शाळेतून आलेलं मूलही जेवून पेंगुळतं. डोकं लावायचं, कुणी हाक मारू नये असं वाटणारं काम याच वेळात ठेवा. माझ्या टीममधल्या गोव्यातल्या बायकांचं सगळ्यात चांगलं काम या वेळात होतं. पुण्याच्या सहकाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं, कारण त्यांच्याकडे दुपारी अडीचला बैठक ठेवणं अगदी साधी गोष्ट असते. कॅलेंडरमध्ये तो वेळ बंद करून टाका.

तुमच्यासाठी मी असा दिवस सुचवेन: साडेदहा ते बारा पुण्याच्या टीमसाठी, एक ते चार स्वतःच्या कामासाठी, आणि साडेसहा ते दहा क्लायंटसाठी. बरोबर आठ तास होतात. चार ते साडेसहा पूर्ण मोकळे. नोव्हेंबरनंतर शेवटचा भाग सात ते साडेदहा करा, म्हणजे मधली मोकळीक अर्ध्या तासाने वाढते आणि रात्र अर्धाच तास लांबते.

पण असं तुकड्यांत काम करणं सगळ्यांना मानवत नाही, हेही सांगते. काहींना एकदा उठलं की परत बसवत नाही. मधल्या अडीच तासांतही काम डोक्यात चालूच राहतं, आणि मग दिवस साडेअकरा तासांचा होऊन बसतो. तुमचा स्वभाव तसा असेल तर कागदावर आहे तशी एक ते दहा सलग शिफ्ट करा आणि सकाळ पूर्णपणे बंद ठेवा. तेव्हा पुण्याच्या टीमला स्पष्ट सांगावं लागेल की एकच्या आधी उत्तर येणार नाही. दोन्हींपैकी कोणताही मार्ग चालेल. आज जे चाललं आहे, म्हणजे सकाळही उघडी आणि रात्रही उघडी, ते मात्र चालणार नाही.

मी यावर इतका भर का देते? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तुमचा नऊ ते साडेअकराचा दिवस पाच वेळा मोजा. जेवण आणि घरकामासाठी उठलेला वेळ वजा केला तरी तुम्ही त्या रेषेच्या आसपास किंवा पलीकडे आहात.

मॅनेजरशी बोलायचं ते लिहून

आता सगळ्यात अवघड भाग. बहुतेक जण मॅनेजरला म्हणतात, "मला फार ताण येतो, वेळ कमी करता येईल का?" यावर तो सहानुभूती दाखवतो आणि पुढे काहीच होत नाही. कारण "ताण" या शब्दावर त्याला करण्यासारखं काही नसतं. मॅनेजरच्या जागी बसून सांगते, त्याची भीती वेगळी असते. तुम्ही किती तास बसता याची त्याला खरी फिकीर नसते. काहीतरी अडेल, क्लायंट ओरडेल आणि तेव्हा तुम्ही सापडणार नाही, ही त्याची भीती. ती भीती दूर करणारा प्रस्ताव द्या, मग तास कमी झाले तरी तो हो म्हणेल.

इंग्रजीतच लिहाल, पण आशय असा ठेवा: "सोमवारपासून माझी वेळ सकाळी १०:३० ते १२, दुपारी १ ते ४, संध्याकाळी ६:३० ते १०. या वेळांत चॅटला पंधरा मिनिटांत उत्तर देईन, दुपारी एक तासात. इतर वेळी सिस्टीम बंद पडली किंवा क्लायंटचं काम थांबलं तर फोन करा, मी उचलेन. बाकीचं पुढच्या वेळेत पाहीन. रोज काम संपवताना काय झालं, काय अडलं, उद्या काय करणार हे तीन ओळींत पाठवेन. दोन आठवडे असं करून पाहू, काही अडलं तर बदलू."

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. दोन आठवड्यांची मुदत घातली की नाही म्हणणं कठीण जातं. रोजच्या तीन ओळी हा हिरव्या ठिपक्याला पर्याय आहे. तुम्ही काम करता याचा दुसरा कुठला पुरावा मॅनेजरसमोर नसतो, म्हणून तो ठिपका बघतो. त्याहून चांगला पुरावा रोज हातात आला की ठिपक्याकडे बघणं आपोआप कमी होतं. हे मी माझ्याच टीममध्ये पाहिलं आहे. ज्या माणसाचा रात्रीचा हँडओव्हर, म्हणजे काय झालं आणि काय उरलं याची नोंद, चोख असतो, तो कितीला बसला आणि कितीला उठला हे मी कधी विचारत नाही.

आणि फोनचा नियम फार महत्त्वाचा. आज तुमच्याकडे तातडीचं काम आणि साधी चौकशी एकाच चॅटमधून येतात, त्यामुळे प्रत्येक "टिंग" बघावं लागतं. तातडीला फोन हा एकच रस्ता ठेवला की बाकी सगळं निर्धास्तपणे बंद करता येतं. रात्री अकराला कुणाला चॅट टाकणं सोपं असतं. फोन लावायचा म्हटलं की माणूस थांबून विचार करतो, आणि दहातली नऊ कामं सकाळवर ढकलतो. कंपनीचं चॅट स्वतःच्या मोबाइलमधून काढून टाका. लॉग-इनचा कोड देणारं ॲप लागतं म्हणून तेवढं ठेवा. हे धाडस वाटेल, पण फोन उचलेन असं लिहून दिल्यावर यात बेजबाबदारपणा काहीच उरत नाही. फोन मात्र खरंच उचला. पहिल्या दोन आठवड्यांत एकदा जरी उचलला नाही तरी सगळं करारपत्र कोसळतं.

दर आठवड्याला असे फोन येतच राहिले तर त्याला ऑन-कॉल म्हणतात. त्याची पाळी टीममध्ये वाटून घ्यावी लागते आणि बदल्यात रजा किंवा पैसे मागावे लागतात. ते मागताना संकोच करू नका.

कायद्याचा आधार आहे का, असं तुम्ही विचारलंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काचा कायदा आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून तसे नियम आणले. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे तुमच्या हातातला कागद म्हणजे नेमणूकपत्र. त्यात कामाचे तास काय लिहिलेत ते आज काढून वाचा. मॅनेजरला लिहिताना त्याचा उल्लेख करायची गरज नाही, पण आपली बाजू काय आहे हे आपल्याला माहीत असावं.

घरच्यांशी बोलायचं ते तोंडी, आणि रोज

सासूबाईंच्या वाक्याने तुम्हाला लागलं आहे, ते कळतं. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. आपल्याकडे घरी असलेल्या माणसाने दार उघडायचं असतं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की उंडे (गोल पाव) घ्यायचे, सिलिंडर आला की पावती बघायची, शेजारीण आली की चहा ठेवायचा. त्यांनी आयुष्यभर हे केलं आणि त्यांच्या कामाला कुणी कधी शिफ्ट म्हटलं नाही. खुर्चीत बसून पडद्याकडे बघणारी सून त्यांना काम करताना दिसत नाही, बसलेली दिसते. त्यांना सॉफ्टवेअर समजावून सांगण्यात अर्थ नाही, आणि दारावर पाटी लावण्यातही नाही. माझ्या एका सहकारी बाईने पाटी लावली होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती स्वतःसाठी लावलेली पाटी वाटली आणि दोन दिवस घरात अबोला झाला.

तिला जे लागू पडलं ते साधं होतं. सकाळी चहा घेताना ती सासूला सांगायची, "आई, आज साडेअकरा ते बारा आणि सात ते नऊ मला अजिबात उठता यायचं नाही. बाकीच्या वेळी हाक मारलीत तर येईन." दिवसभर गप्प राहा असं कुणाला सांगता येत नाही, पण दोन ठरावीक वेळा सांभाळणं कुणालाही जमतं. आणि ज्या वेळा मोकळ्या सांगितल्या त्या खरोखर मोकळ्या ठेवायच्या. चार ते साडेसहा तुम्ही त्यांच्याबरोबर अंगणात बसलात, चहा प्यालात, बाजाराची यादी केलीत, तर सात वाजता दार लावल्याचं त्यांना वाईट वाटणार नाही. आज होतं असं की तुम्ही दिवसभर अर्ध्या हजर असता, त्यामुळे पूर्ण हजर असल्याचं श्रेय तुम्हाला कुठेच मिळत नाही.

मुलीबद्दल स्पष्टच बोलते, कारण इथे कुठलीही युक्ती पुरी पडत नाही. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ हीच तिची जागी असण्याची, गोष्टी सांगण्याची, रडण्याची वेळ, आणि हीच क्लायंटची वेळ. अमेरिकेसाठी काम करणाऱ्या प्रत्येक आईबापाला ही किंमत मोजावी लागते. ती शून्यावर येणार नाही, कमी करता येते. शाळेच्या आधीची सकाळ लॅपटॉप न उघडता तिला द्या. दुपारी चारनंतरची वेळ तिची. आणि मॅनेजरकडून आठवड्यातली एक संध्याकाळ मागून घ्या, त्या दिवशी क्लायंटच्या बैठका नसतील, तुम्ही आठला उठाल आणि तो वेळ दुसऱ्या दिवशी भरून द्याल. पाच वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही, पण रंग कळतो. खुर्चीवर लाल ओढणी असली की आई बोलत नाही, ओढणी काढली की आई आपली, एवढं ती चार दिवसांत शिकेल. ओढणी काढायची वेळ चुकवू नका.

आता यजमानांचं. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख फक्त शिफ्टपुरता आला. तेही दमून येतात, वेर्ण्याहून डिचोलीपर्यंतचा प्रवास काही थोडा नाही. तरीही हे बोलायला हवं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामात घालवतात असं दिसलं, पुरुष ९७ मिनिटं. घरून काम करायला लागलं की हा फरक आणखी वाढू शकतो, कारण बाई आता "घरीच" असते. त्यांची सकाळची शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळचं मुलीचं जेवण आणि झोपवणं त्यांच्याकडे. रात्रीची असेल तेव्हा सकाळी शाळेत पोचवणं त्यांच्याकडे. शिफ्टचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी दोघांनी बसून हे लिहून काढा. मदत करशील का, असं विचारू नका. कोणतं काम कोणाचं, एवढंच ठरवा.

वीज, नेट आणि पावसाळा

डिचोली-सत्तरीकडच्या लोकांना हे सांगायला नको, पावसात काजूची-फणसाची झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते. याचा कामाच्या वेळेशी थेट संबंध आहे. दुपारी दोन तास वीज गेली की आपण ते दोन तास रात्री भरून काढतो, आणि जून ते सप्टेंबर रोजची रात्र लांबते. दोन गोष्टी करा. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. तुमचा राउटर किती व्होल्टवर चालतो ते त्याच्या अडॅप्टरवर छापलेलं असतं, बहुतेकांचं १२ व्होल्ट असतं, त्याच व्होल्टचा यूपीएस लागतो. फायबरची वेगळी पेटी असेल तर तिलाही पुरवठा हवा, हे बरेच जण विसरतात. लॅपटॉपची बॅटरी धरली तर काही तास निघतात. जोडीला तुमच्या नेटपेक्षा वेगळ्या कंपनीचं मोबाइल सिम ठेवा. विजा कडाडत असताना मात्र सगळं भिंतीतून काढून ठेवा.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. वीज जाणं हे तुमचं वैयक्तिक कर्ज नाही, हे मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा. ऑफिसात वीज गेली असती तर कुणी रात्री थांबून तास भरले नसते. कामाची तारीख जवळ असेल तर भरून द्या, नसेल तर देऊ नका.

रजेचंही असंच. चतुर्थीला पुण्याच्या सहकाऱ्यांची एक सुट्टी असेल, पण तुमच्याकडे गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंतचे दिवस घरचे असतात आणि क्लायंटला ते कॅलेंडरमध्ये दिसत नाहीत. जूनमध्येच रजा टाका. बदल्यात काय देता येईल तेही सांगते: नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे त्यांचा थँक्सगिव्हिंग, आणि नाताळ ते नवीन वर्ष या काळात तिकडचं काम मंदावतं. तेव्हा टीममधून कुणीतरी हजर हवं असतं, आणि सहसा कुणाला नको असतं. ती पाळी मी घेते, चतुर्थीचे दिवस मला द्या, असा सौदा मी मॅनेजर म्हणून नेहमी मान्य केला आहे. तुमच्याकडे नाताळाला पाहुणे येत नसतील तर हे सोयीचं पडेल.

दहा वाजता खरंच उठायचं कसं

लॅपटॉप मिटला तरी डोक्यात काम चालूच राहतं, असं तुम्ही लिहिलंय. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांचा २०११ मधला अभ्यास मला इथे उपयोगी वाटतो. अपुरं राहिलेलं काम मनात घुटमळत राहतं, पण ते पुढे कधी आणि कसं करायचं याचा ठाम बेत केला की घुटमळणं थांबतं. काम पूर्ण करावं लागतच नाही, बेत पुरतो. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं नवीन काही उघडू नका. मॅनेजरसाठीच्या तीन ओळी लिहा, आणि स्वतःसाठी एक ओळ: उद्या बसल्यावर पहिलं कोणतं काम, कुठल्या फाइलपासून. मग लॅपटॉप बंद करून खोलीबाहेर, नजरेआड ठेवा. लगेच अंथरुणावर पडू नका. रात्री दहापर्यंत बोलत असलेलं डोकं साडेदहाला झोपत नाही. तेवढा अर्धा-पाऊण तास यजमानांशी बोला, उद्याची भाजी निवडा, काहीही करा, फक्त पडद्यासमोर नको.

शरीराबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही ते विचारलं नाही. पडदा डोळ्यांच्या उंचीला हवा, त्यासाठी लॅपटॉपखाली जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड पुरेसा आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचं. पडवीत बसून काम करायची हौस सगळ्यांना येते, पण उजेड पडद्यावर पडतो आणि मान वाकते. पडवी चहासाठी ठेवा. झोप उडणं, छातीत धडधडणं, विनाकारण रडू येणं असं दोन-तीन आठवडे राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, त्याला वेळापत्रक बदलणं हा उपाय नाही.

एकटेपणाचंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. घरात माणसं असूनही कामाचं बोलायला कुणी नसतं, हे खरं आहे. आठवड्यातून एकदा कामाशी संबंध नसलेलं, ठरलेल्या वेळेचं आणि इतरांबरोबरचं काहीतरी असू द्या. तुमच्या गावात देवळातलं भजन असेल, महिला मंडळ असेल, नाटकाची तालीम असेल. मला भजनाच्या वाराचा फायदा होतो, कारण तिथे माझी वाट बघणारी माणसं असतात आणि त्यासाठी उठावंच लागतं.

सुरुवात कुठून करायची? एकदम सगळं नको. या आठवड्यात नेमणूकपत्र वाचा आणि मॅनेजरला तो मजकूर पाठवा. उत्तर आल्यावर सासूबाईंशी आणि यजमानांशी बोला, कारण वेळा पक्क्या नसताना घरी सांगितल्या आणि दोन दिवसांत मोडल्या तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. यूपीएस आणि सिम त्यानंतर.

आणि मॅनेजरने नाही म्हटलं तर? एकदा नाही आलं तर कारण विचारा. बऱ्याचदा एखादी बैठक किंवा एखादा क्लायंट आड येत असतो आणि वेळा थोड्या सरकवून मार्ग निघतो. पण "आमच्याकडे असंच चालतं" एवढंच उत्तर असेल आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारल्यावरही तेच मिळालं, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. घरून काम करणं तुम्हाला जमत नाही असा त्याचा अर्थ काढू नका. दुसरी नोकरी शोधताना ब्रिटन किंवा युरोपचा क्लायंट असलेल्या जागा आधी बघा. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे त्यांची सकाळ आपल्या दुपारी येते आणि मुलीच्या संध्याकाळीतला बराचसा भाग वाचतो. मुलाखतीत "तुमच्याकडे वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे" असं विचारू नका, सगळे चांगलाच सांगतात. विचारा की गेल्या आठवड्यात टीमची शेवटची बैठक किती वाजता संपली, रात्री सिस्टीम पडली तर फोन कुणाला जातो आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, आणि ही जागा रिकामी का झाली. शक्य झालं तर मॅनेजरऐवजी टीममधल्या कुणाशी तरी बोलायची परवानगी मागा, आणि हेच प्रश्न त्यांनाही विचारा.